भोंग्यावरची भाषा

आमच्या शेजारच्या हेमांगीताई शस्त्रनिर्यातीचे परवाने तपासतात. काल एक कारखानदार, राजोपाध्येसाहेब, सहीसाठी थेट घरीच आले. मी विरजण मागायला गेले होते, ती तिथेच बसले.

"अहो बाई, करारात कलमच आहे! गाड्या घेणारं परदेशी सरकार त्या बंदूकवाल्या गाड्या फक्त परक्या शत्रूवर वापरणार, स्वतःच्या जनतेवर नाही. करा सही."

ताईंनी मागणीपत्र पुढे सरकवलं. "गाडीच्या भोंग्यात भरून द्यायची सूचना वाचा."

"'चौक सोडा, घरी जा, नाहीतर गोळ्या घालू.' त्यात काय?"

"ती त्यांनी स्वतःच्याच भाषेत मागितलीय, साहेब. शत्रू काय त्यांची भाषा शिकून येणार आहे?"

अगं बाई! म्हणजे स्वतःच्याच माणसांवर गोळ्या?

साहेब फाईल उचलू लागले. ताईंनी ती हातानं दाबून धरली आणि वर लिहिलं, 'नामंजूर'.