मिठाचा व्यापारी आणि परीमासा

मंडळी, सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवावा? आपल्याला आवडेल ते बोलणाऱ्यावर, की न पटणारं तोंडावर सांगणाऱ्यावर?

फार फार जुन्या काळी एका बंदरात मिठाचा एक मोठा व्यापारी राहत होता. घरात एकटाच. एका कोळणीकडून त्याने बोटाएवढा निळा-केशरी परीमासा घेतला आणि ओसरीवर काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरून सोडला. मासा दिवसभर दगडावरचं शेवाळ टिपायचा. पेढीवरून आला की व्यापारी आधी त्याच्यापाशी बसायचा, मग पाय धुवायचा.

कोळीण जाताना म्हणाली होती, "शेटजी, टाकीतलं पाणी उन्हानं आटलं की वरून विहिरीचं गोडं पाणी घाला."

"समुद्राच्या माशाला विहिरीचं पाणी? मावशी, उद्या बैलाला मासळी घालायला सांगाल."

"मीठ तुम्ही विकता, मासे मी. माशांपुरतं तरी माझं ऐका."

व्यापारी हसला. पाणी आटलं की तो समुद्राचंच पाणी आणवून घालायचा, तेही लांबून, स्वच्छ खडकापासचं. माया होती हो त्याची.

काही महिन्यांनी माशाने शेवाळ टिपणं सोडलं. मग तो कपारीत जाऊन बसला, आणि एका सकाळी मेला.

व्यापारी भर बाजारात म्हणाला, "ही बाई रोगट मासे विकते." मोठ्या माणसाचा शब्द. कोळणीची टोपली रोज भरलेलीच परत जाऊ लागली. ती त्याच्या दारी आली. "शेटजी, ती टाकी तरी एकदा बघू द्या." त्याने दार उघडलं नाही. महिन्याभरात ती होडीत संसार भरून निघून गेली.

टाकी तशीच ओसरीवर आटत राहिली. तळाशी पांढरा जाड थर बसला. व्यापाऱ्याने मिठागरावरच्या म्हाताऱ्या गड्याला विचारलं, "एवढं मीठ आलं कुठून?"

गडी म्हणाला, "पाणी ऊन नेतं, मीठ मागं राहतं. शेटजी, आपल्या मिठागरात दुसरं काय होतं?"

दर वेळी समुद्राचं पाणी घालून टाकीतलं मीठ आपणच वाढवत गेलो, हे व्यापाऱ्याला तेव्हा कळलं. त्याने बाजारात उभं राहून आपली चूक सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. मग तो किनाऱ्यानं गावोगाव विचारत फिरला. कोळीण कुणालाच ठाऊक नव्हती.

बोध एवढाच: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली, तर पुढे माफी मागायलाही माणूस सापडत नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. काही बिघडलं की हिशेब प्रामाणिकपणे मांडा, आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा.