मेन्सियाचे ओंजळभर दूध

भाविकहो, स्पेन देशी डोंगरांच्या कुशीत वाल्द्रेना नावाचे गाव होते. तेथे एका गुहेत संत फ्रुएला राहत. गावाला प्रार्थनेसाठी जागा नव्हती, म्हणून त्यांनी रोमन काळच्या पडक्या पुलाचे दगड आणवून चर्च बांधायला घेतले. आखूड, जाड खांब, त्यांवर घोड्याच्या नालेसारख्या कमानी आणि उंचावर एकच चिंचोळी खिडकी. तिच्यातून आलेला उजेड जमिनीवर उतरताना जणू रेंगाळत असे.

गावात मेन्सिया नावाची एक विधवा होती. तिची एकच शेळी. स्वतः कोरडी भाकर खाऊन ती रोज सगळे दूध चर्चच्या चुन्यात ओतून जाई. मुख्य गवंडी लोपे याने शहरांचे बुरूज बांधले होते. तो हसून म्हणे, "म्हातारे, आम्ही चर्च बांधतोय, खीर नाही रांधत."

"माझ्याकडे दुसरं काही नाही रे, दादा," एवढेच ती म्हणे.

त्या उन्हाळ्यात मोठी कमान जुळत आली असतानाच, ज्याच्या पाण्यात चुना कालवत, तो गावचा ओढा आटला. चुना घट्ट होऊ लागला, खालचे लाकडी टेकू करकरू लागले. लोपेने सुटता दगड खांद्यावर तोलून धरला होता. तो सोडावा, तर खालची माणसे चिरडणार.

"पाणी आणा," तो कसाबसा म्हणाला. पाणी कुठेच नव्हते.

इतक्यात संत फ्रुएला आले. "मेन्सिया, तुझं दूध ओत," ते म्हणाले.

"बाबा, आज शेळीनं ओंजळभरच दिलंय."

"तेवढंच ओत."

तिने डोळे मिटून मडके कलते केले. धार पडू लागली, ती तुटेचना. जणू धुकेच चर्चमध्ये उतरले. टेकूंची करकर थांबली, चुना लोण्यासारखा मऊ झाला, घमेली वर जाऊ लागली. मेन्सियाला वाटले, आपला हात आपला नाहीच. फार पूर्वी, आपले निजलेले लेकरू अंथरुणावर ठेवताना वाटायचे, तसे काहीसे. शेवटचा दगड बसला, तेव्हा कुठे मडके रिते झाले.

लोपे खाली उतरला. तो संतांपुढे वाकणार, तोच ते बाजूला सरले. मागे मेन्सिया उभी होती.

"आई, मी तुला हसलो," लोपे म्हणाला.

"असू दे. आधी पाणी पी, घसा सुकला असेल," ती म्हणाली. मग पाणी नाही हे आठवून ती ओशाळली.

लोपेने पागोटे उतरवले आणि दुधाने भिजलेल्या तिच्या पावलांवर डोके ठेवले.