मगर गेल्यानंतर

नदीला अजून कुणी नाव दिले नव्हते, तेव्हाची गोष्ट. तिच्या एका डोहात पाणमांजरे राहत आणि त्यांच्यावर एका मगरीचे राज्य होते. मासे तिचे, पाणमांजरांची पिल्लेही तिचीच. शेवटी भोरी नावाच्या पाणमांजरीने अकरा जणींना गोळा करून टोळी उभी केली. दोन पावसाळे झुंज चालली. सात जणी गेल्या, पण मगर डोह सोडून निघून गेली.

टोळी मात्र राहिली आणि डोहाचा कारभार तिच्याकडे आला. पुढे कुणी काही विचारले, की टोळीतल्या म्हाताऱ्या पाणमांजरी त्या मगरीची गोष्ट सांगत आणि विचारणारे गप्प बसत.

एका वर्षी पुरात आलेल्या ओंडक्यांनी डोहाचे तोंड तुंबले. मासे येईनासे झाले. तरुण तुरी गाऱ्हाणे घेऊन आली, तेव्हा भोरीने सवयीने मगरीपासूनच सुरुवात केली.

तुरी म्हणाली, "आजी, मगर मी पाहिली नाही. भूक मात्र रोज पाहते."

भोरीला ते लागले. गेलेल्या सात जणी तिला आठवल्या. त्या काय गोष्ट सांगता यावी म्हणून मेल्या होत्या? ती उठली, गार पाण्यात उतरली आणि दातांनी फांदी ओढू लागली. मागोमाग तुरी आली, टोळीतल्या दोघी म्हाताऱ्या आल्या. उरलेल्या दोघी काठावरून बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाणी मोकळे झाले.

दमलेल्या तुरीने विचारले, "आजी, मला टोळीत घेशील?"

"पाण्यात उतरलीस तेव्हाच आलीस," भोरी म्हणाली. "काठावर बसलेल्यांचे काय करायचे, ते आता बघू."