कासवांवर कावळ्यांचा हल्ला

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लंत, आता मध्ये बोलू नका. फार पूर्वी कासवांची फौज नदीच्या वाळूतून निघाली. वाटेत टिटवीची अंडी होती. तिने कावळ्यांना मदतीला बोलावलं. कावळे वरून कासवांच्या पाठीवर दगड टाकत. कासव मान आत घेई आणि कावळा ओरडे, "मेलं!"

"मेली तर चालतात कशी?" टिटवीने विचारलं.

"सवयीनं! तुला लढाईतलं काय कळतं गं?"

"मेल्यांनो, मागून खेकडे कासवांच्या शिदोरीची कलिंगडं ढकलत आणतायत. ती फोडा!"

कावळ्यांनी कलिंगडं फोडून खाल्ली. उपाशी कासवं माघारी गेली, अंडी वाचली. कावळे आजही सांगतात, कासवं आम्ही दगडांनीच मारली. टिटवीची माफी एकानेही मागितली नाही. तशीच माझी मागायची आहे आपल्या गावच्या सोपान वेटाळ्याने; मलाही तो 'तुला काय कळतं' म्हणाला होता.