काकवीचं चोखणं

फार पूर्वी, नदीच्या एका वळणावर उसाचं एक गाव होतं. कार्तिक लागला की गावाबाहेर बारा गुऱ्हाळं पेटायची आणि चैत्रापर्यंत सगळ्या गावाला उकळत्या रसाचा वास यायचा. गावाला त्या गोडाचा भारी अभिमान. भांडण मिटलं तरी गूळ, रुसवा काढायचा तरी गूळ, आणि पोर रडलं तर पातळ गुळाची काकवी.

गुऱ्हाळावर पुरुष रस उकळायच्या काहिलीपाशी असत आणि बाया खालच्या चुलवाणापाशी. काहिलीत रस चढला की खालचा जाळ कमी होऊन चालत नाही, सगळं आधण बिघडतं. त्यामुळे जाळासाठी उसाची चिपाडं वाहणाऱ्या बाईला, पोर रडतंय म्हणून उठून जाता येत नसे. यावर गावाने तोड काढली होती. फडक्याची छोटी पुरचुंडी करायची, कोमट काकवीत बुडवायची आणि झोळीतल्या पोराच्या तोंडात द्यायची. त्याला म्हणत चोखणं. पोर चोखत चोखत गप्प व्हायचं आणि तसंच झोपी जायचं. जागं झालं की पुरचुंडी पुन्हा बुडवायची. गावाला वाटायचं, आपण किती हुशार!

त्या पोरांचे दात वर येतानाच पिवळे यायचे, दुसऱ्या वर्षी काळे पडायचे आणि तिसऱ्या वर्षी नुसते खुंट उरायचे. पोरं गाल धरून रडायची, भाकरी चावताना कळवळायची. मोठी माणसं म्हणायची, "दुधाचेच दात, पडणारच आहेत. त्यांचं कसलं कौतुक?" हे वाक्य गावात इतक्यांदा बोललं गेलं होतं की ते तपासून बघावं असं कुणाच्या मनातही येत नसे. एखाद्या वर्षी एखाद्या पोराचा गाल फुगायचा, ताप चढायचा आणि पोर हाती लागायचं नाही. मग गाव म्हणायचं, नजर लागली.

गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला मात्र हे पटत नव्हतं. नदीपलीकडच्या वाडीतली बाळंतपणंही तीच करायची. त्या वाडीत ऊस नव्हता आणि चोखणंही नव्हतं. तिथल्या पोरांचे दात पांढरेशुभ्र येत आणि तसेच टिकत. ती लोकांना विचारायची, "नजर काय नदीच्या अलीकडंच लागती व्हय रं?" लोक हसून पुढे जायचे.

त्याच गावात चिपाडं वाहणारी एक बाई होती. तिचा थोरला मुलगा तिसऱ्या वर्षी असाच गाल सुजून गेला होता. आता तिला आठ महिन्यांची मुलगी होती, तानी नावाची. तानीला खाली दोन दात नुकतेच आले होते. कार्तिक तोंडावर आला तशी ती बाई सुईणीच्या दारात येऊन बसली.

"आजी, हिला चोखणं द्यायचं न्हाई मला. पर न्हाई दिलं तर ही रडनार, आन् मी उठले तर मालक कामावरनं काढनार. मी करू तरी काय?"

सुईण म्हणाली, "तू एकटी काय करशील बाई? हे तुझ्या एकटीचं काम न्हाई. चल, चावडीवर जाऊ."

चावडीवर त्या दिवशी गाव जमलंच होतं. दरवर्षी प्रत्येक गुऱ्हाळ गावाच्या नावाने थोडा गूळ बाजूला ठेवायचं. तो विकून त्या वर्षी कोणतं काम करायचं, हे पाटील ठरवायचा. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याला गावाचं भलं व्हावंसं वाटे. फक्त ते भलं लांबूनही दिसावं, एवढीच त्याची इच्छा असे.

शहरातून आलेला एक दात काढणारा वैद्य आधीच पुढे बसला होता. तो म्हणाला, "पाटीलसाहेब, मला एक दगडी घर बांधून द्या. माणूस रडत आत येईल आणि दुखरा दात देऊन मोकळा होईल. पंचक्रोशीत असं घर नाही. दारावर तुमचं नाव कोरू."

लोकांनी माना डोलावल्या. मग सुईण उठली.

"पाटील, मला घर नको. बारा गुऱ्हाळांवर पाल्याचे बारा मांडव घाला. एकेका मांडवात पोरं सांभाळायला एकेक बाई बसवा. आईला दिवसातनं तीनदा पाजायला सोडा. आन् काकवीचं चोखणं बंद, असा हुकूम काढा. दात आला की ओल्या फडक्यानं पुसायचा. येवढंच मागते."

गुऱ्हाळवाले कुजबुजले. बारा बाया जाळापासून उठवायच्या म्हणजे बारा जणींचं काम बुडणार! एक जण तर मोठ्यानेच म्हणाला, "पोरं सांभाळायची का गूळ करायचा?"

पाटील विचारात पडला. त्याने विचारलं, "आजी, तुझं ऐकलं आणि मांडव घातले. हंगाम संपल्यावर मी गावाला दाखवायचं काय?"

"दाखवायला काय बी नसंल पाटील. पोरं रडली न्हाईत, येवढंच."

"न रडलेली पोरं दाखवू?" पाटील म्हणाला, आणि सगळी चावडी हसली. सुईण हसली नाही. तानीची आईही हसली नाही. तिने पोरीला पदराखाली घट्ट धरलं. पाटलाने दगडी घराला होकार दिला आणि सभा उठली.

हंगाम सुरू झाला. पहिले तीन दिवस तानीच्या आईने चोखणं दिलं नाही. झोळीत तानी रडून रडून लाल झाली. मालक म्हणाला, "पोरगी तरी गप्प कर, न्हाईतर उद्या येऊ नकोस." चौथ्या दिवशी त्या बाईने आपल्याच हाताने फडकं काकवीत बुडवलं. तिला नावं ठेवणाऱ्याने आधी एक दिवस त्या जाळापुढे उभं राहून बघावं.

दगडी घर बांधायला दोन वर्षं लागली. कमान झाली, नाव कोरलं गेलं. उद्‍घाटनाला ताशे आणले, तोरणं बांधली, आणि गंमत बघा, सगळ्यांना काकवी आणि पोळीचं जेवणही घातलं! पंगत चालू असतानाच तानीची आई पोरीला उराशी धरून धावत आली. पोरगी आता पावणेतीन वर्षांची होती. तिचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

"बघा, पहिलाच रोगी आला!" कुणीतरी म्हणालं. लोक वाट सोडून बाजूला झाले. वैद्याने पोरीला चौरंगावर बसवलं आणि दोन किडके खुंट भराभर काढले. त्याचा हात खरंच सफाईचा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटलाने समाधानाने मान हलवली.

पण पू दातापाशी थांबलाच नव्हता, तो जबड्याखाली गळ्यात उतरला होता. दुसऱ्या दिवशी तानीला पाणी गिळता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी आईच्या मांडीवरच तिने प्राण सोडला.

पाटील तिच्या दारी गेला. म्हणाला, "बाई, वैद्याने हात राखला नाही. जेवढं होतं तेवढं केलं."

तानीची आई म्हणाली, "त्येंचा दोष न्हाई पाटील. दार चांगलं मोठं केलंसा तुमी. पर आमच्या पोरांनी तितवर यायलाच नको हुतं."

पाटील खाली मान घालून घरी गेला. चार दिवस तो चावडीवर आला नाही. पाचव्या दिवशी त्याने दवंडी पिटवली: प्रत्येक गुऱ्हाळावर मांडव, मांडवात एक बाई, आईला तीनदा सुट्टी, चोखणं बंद. गुऱ्हाळवाल्यांनी आरडाओरडा केला, पण पाटील ढळला नाही. पहिल्या मांडवात त्याने तानीच्या आईलाच बसवलं. दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन ती रोज ओल्या फडक्याने त्यांचे दात पुसायची, आणि पुसता पुसता कधीकधी तिचे डोळे भरून यायचे.

गूळ काही कमी झाला नाही. पोरं मात्र बदलली. त्यांचे दात पांढरे आले आणि पांढरेच राहिले. गालाला हात लावून रडणारं पोर गावात दिसेना. दगडी घरात कुणी फिरकेना, तेव्हा वैद्य कंटाळून शहरात परत गेला. कमानीत शेळ्या बसू लागल्या. सुईण हे सगळं बघून समाधानाने वारली. पाटील म्हातारा झाला आणि तोही गेला.

नवा पाटील आला. नवे गुऱ्हाळवाले त्याच्याकडे गेले. ती सगळी त्याच मांडवांत वाढलेली माणसं. त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि ते दाखवतच ती बोलत होती.

"पाटील, या गावात दातदुखी कुणाला ठाऊक तरी हाय का? रोग न्हाई तिथं बंदोबस्त कशाला? बारा बाया उगंच बसून असत्यात."

नव्या पाटलाने आजूबाजूला पाहिलं. खरंच, किडका दात कुठे दिसत नव्हता. तानीची आई काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, "लेकरांनो, हे मांडव हायेत म्हनून दातदुखी न्हाई रं!"

"आजी, तुमच्या वेळचं तुमच्या वेळी," ते हसून म्हणाले. कुणाला आपलं बोलणं वाईट आहे असं वाटलंही नाही. मांडव उतरवले, पाला चुलवाणात घातला, बायांना जाळापाशी परत पाठवलं.

त्याच हंगामात कुणीतरी फडकं काकवीत बुडवलं. पोर गप्प झालं. बघून दुसरीने बुडवलं, मग तिसरीने.

तानीची आई आता खूप थकली होती. तिने बारा गुऱ्हाळं फिरून आयांना हात जोडले, पण त्यांच्या पाठीशी ना हुकूम होता, ना सुट्टी. मग ती एका गुऱ्हाळाच्या बांधावर उन्हातच बसली आणि जवळच्या झोळीतलं पोर तिने उचलून घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला जागा उरली नाही.

त्या वर्षीपासून गावातल्या पोरांचे दात पुन्हा काळे पडू लागले. एका म्हातारीच्या मांडीवर मावली तेवढीच वाचली.

तात्पर्य: दुखणं येऊच न देणाऱ्याचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते बिनकामाचं ठरवू नये, आणि जे साऱ्या गावाने मिळून करायचं, ते एकट्या माणसाच्या मायेवर सोडून देऊ नये.