पावट्याचा शेजार

"...म्हणजे चूक डोळ्यांना दिसतेय, तरी ती चालू द्यायची? महाराज, असं तुम्ही म्हणता?"

सुषेण धारपचा आवाज चढला होता. मी ओसरीवर माठाची भाजी निवडत होतो, माझा हात थांबला. आमच्या घाटमाथ्यावरच्या मठात सोमगिरी महाराजांशी कोणी आवाज चढवून बोलत नाही. महाराज उलटून बोलत नाहीत, त्यामुळे भांडणाला मजाच येत नाही.

"कोणाची चूक?" महाराजांनी विचारलं.

"रुबिस्कोची. तुम्हीच शिकवलीत आम्हाला."

संन्यासापूर्वी महाराज हायस्कुलात विज्ञान शिकवत. सुषेण त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे आम्हाला त्यानेच सांगितलं, चपला काढता काढता.

"मी विसरलो," महाराज माझ्याकडे बोट करून म्हणाले. "ह्यांना सांग."

सुषेण माझ्याकडे वळला. लहान मुलाला सांगावं तसा बोलू लागला.

"हवेतला कर्बवायू धरून पानात आणायचा, हे काम रुबिस्को नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. तुमची ही भाजी, ताटातला भात, सगळं त्याच्याच हातून आलेलं. पण कामाला महासुस्त. सेकंदाला जेमतेम तीन कण. त्यात दर तीन-चार वेळांनी एकदा फसतं, कर्बवायू सोडून प्राणवायूच धरतं. मग ती चूक निस्तरताना झाडाला कमावलेल्यातलं थोडं परत हवेत सोडावं लागतं."

"अरेरे," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"माझं फसत नाही."

त्याने पिशवीतून एक कुंडी काढली. भाताचं रोप होतं. इतकं हिरवं, की सावलीत काळं दिसत होतं.

"अठरा वर्षं घातलीत याच्यात. दहा दिवसांनी बी चाळीस गावांत जाईल. कागदावर फक्त माझी सही राहिलीय. म्हटलं, तुमचा आशीर्वाद घेऊन करावी."

महाराजांनी कुंडी हातात घेतली.

"याचा शेजार झालाय का?"

ही आमच्या मठाची रीत. बाहेरून आलेलं कुठलंही रोप इथल्या मातीत लगेच लावत नाहीत. आधी ते मठातल्या पावट्याच्या रोपाजवळ ठेवायचं, दोघांवर मोठी काचेची हंडी पालथी घालायची आणि कडेला मेण लावायचं. नऊ दिवस हवा आत नाही, बाहेर नाही. रोप आणणाऱ्याने रोज दिवसभर समोर बसायचं. आजवर तुळस बसली, झेंडू बसला, वांगं बसलं. काच आतून दवाने भरते आणि नवव्या दिवशी दोघंही जरा मरगळलेली, पण जिवंत निघतात.

सुषेण हसला. "बसतो की."

त्याने स्वतःच्या हाताने मेण लावलं.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी पावट्याचं खालचं पान पिवळं पडलं.

"पाणी कमी पडलं असेल," सुषेण म्हणाला. काचेवरून आत पाणी ओघळत होतं.

सहाव्या दिवशी तीन पानं गळली. भाताला मात्र दोन नवे फुटवे आले होते.

"प्रयोगशाळेत हे कोणाजवळ असायचं?" महाराजांनी विचारलं.

"कोणाजवळच नाही. स्वतंत्र पेटीत. मोजमाप शुद्ध यायला हवं ना."

"एकटंच?"

"एकटंच..." सुषेण म्हणाला, आणि हंडीजवळ सरकून गळलेली पानं बघू लागला.

त्या दिवसापासून तो जेवायला उठेना. मी ताट तिथेच नेऊन ठेवत असे. त्याला काय कळलं होतं ते मला उशिरा कळलं. पावट्याचं रुबिस्को चुकत होतं, चुकीपायी थोडा थोडा कर्बवायू हवेत सोडत होतं. भात तो सगळा उचलत होता. भाताला चूक ठाऊक नव्हती, त्यामुळे त्याच्याकडून परत काही येत नव्हतं.

सातव्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. खिडकी पश्चिमेला होती आणि सुषेण पूर्वेला बसला होता. भाताची पाती उजेडाकडे नव्हती वळली. ती काचेला आतून चिकटून त्याच्याकडे होती, नेमकी त्याच्या तोंडासमोर.

मी त्याला दाखवलं. तो उठून उत्तरेला बसला.

आठव्या दिवशी दुपारी पाती उत्तरेला होती.

मला भीती वाटली, खरं सांगतो. आपल्या श्वासातूनही कर्बवायूच सुटतो. त्या खोलीत मी तोंडावर पंचा धरून जाऊ लागलो.

नवव्या दिवशी पावटा मेला. वेल सुतळीसारखी आडवी पडली होती. भात हंडीच्या माथ्याला टेकला होता आणि आत आता दवाचा थेंबही नव्हता.

सुषेण रडला. पावट्यासाठी की अठरा वर्षांसाठी, ते मी विचारलं नाही.

मग त्याने डोळे पुसले आणि खिशातून कागद काढला. हुशार माणूस तो, इतक्या सहज हरणार नव्हता.

"सर..." महाराज म्हणायचं तो विसरला. "सर, हे काचेमुळे झालं. कोंडलं म्हणून झालं. शेतात कुठे काच आहे? तिथे वारा आहे, मोकळं आकाश आहे. तिथे शेजाऱ्याला काही कमी पडणार नाही."

त्याने कागद महाराजांपुढे धरला.

"मी सही करू ना?"

महाराज उठले. नखाने मेण खरवडलं, हंडी उचलून बाजूला ठेवली. भाताची पाती एकदम सळसळली. वारा नव्हता. सुषेण मागे सरकला.

महाराजांनी त्याचा हात धरून त्याला अंगणात नेलं. भर दुपार होती. समोर दरी, दरीपलीकडे चाळीस गावं, आणि त्या सगळ्यांवर एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत निळं आकाश पालथं पडलेलं.

त्यांनी सुषेणचं बोट आपल्या हातात घेतलं आणि क्षितिजावरून हळूहळू फिरवलं, मेण लावताना फिरवतात तसं.

"ह्या हंडीची कड कुठे उघडी आहे तेवढं दाखव... मग सही कर."