सात मिनिटांचं दालन

“...मग कमी काय आहे त्यात, तेवढंच सांगा ना, गुरुजी!”

शेननं हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे गुरुजी मठाच्या अंगणात बसून शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

शेन म्हणजे काही साधी असामी नव्हे. त्यानं बांधलेल्या इमारती तीन देशांत आहेत आणि लोक त्यांच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. यंदाच्या जागतिक प्रदर्शनात चीनच्या लोककथेवर एक दालन उभं करायचं होतं, ते काम त्याच्याकडं आलं. चौदा महिने त्यानं रक्त आटवलं. समितीनं आराखडा चार वेळा परत पाठवला, आणि चारही वेळा शेरा एकच: सगळं आहे, पण गोष्ट मनाला लागत नाही.

सोमवारी शेवटची बैठक होती. तिथंही हेच झालं की काम दुसऱ्याच्या हातात जाणार.

म्हणून तो अकराशे पायऱ्या चढून आला होता. दालनाची लाकडी प्रतिकृती एका पेटीत घातलेली, पेटीचा पट्टा खांद्यात रुतलेला. वाटेत त्यानं ती कुठं टेकवली नव्हती. आताही तो पेटी एका हातानं सावरत उभाच होता.

“कुठली गोष्ट घेतलीस?” गुरुजींनी विचारलं.

“लाकूडतोड्याची. तुम्हाला ठाऊकच आहे.”

“वय झालं माझं. सांग.”

शेननं सुस्कारा टाकला. आता ही गोष्ट सांगायचाही त्याला कंटाळा आला होता.

“लाकूडतोड्या डोंगरात जातो. दोन म्हातारे पट मांडून खेळत असतात. हा बघत बसतो. डाव संपतो, हा कुऱ्हाड उचलायला जातो, तर दांडा कुजून माती झालेला. गावात ओळखणारं कुणी उरलेलं नाही. शंभर वर्षं उलटलेली.”

“कुणी सांगितली तुला?”

“वडिलांनी. ते कावडीनं कौलं वाहायचे... इथंच, या मठात.”

“ठाऊक आहे. वर आहेत ती त्यांचीच.”

शेननं वर पाहिलं नाही. पाहवेना. हे दालन आपण बापासाठी घेतलं, ही गोष्ट त्यानं समितीला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. त्यानं खांद्यावरची पेटी उगाच पुन्हा सावरली.

गुरुजींनी किटलीतून चहा ओतला आणि पेला पुढं केला.

वडीलधाऱ्यांनी दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा, ही तिकडची रीत. जगभर फिरलेला शेनही ती विसरलेला नव्हता. पण त्याचा एक हात पेटीवर होता.

“राहू द्या, गुरुजी. मला उतरायचंय.”

गुरुजी तसाच पेला पुढं धरून राहिले. हात म्हातारा, थरथरू लागला. चहा काठावरून सांडला...

शेननं निमूटपणे पेटी खाली ठेवली. दोन्ही हातांनी पेला घेतला आणि बाजूच्या दगडावर बूड टेकलं.

पहिला घोट घेतला. खांदा ठणकत होता, हे त्याला आता कळलं. पाय तर आपले नव्हेतच असे झाले होते. त्यानं भिंतीला पाठ लावली.

...

डोळे उघडले तेव्हा झाडाची सावली अंगण ओलांडून समोरच्या भिंतीवर चढली होती.

“किती वेळ झाला?” तो दचकून म्हणाला.

“शेंगा संपल्या.”

शेन ओशाळला. घाईघाईनं त्यानं पेटी उघडली आणि प्रतिकृती गुरुजींपुढं मांडली. पुन्हा आवाजात जोर आला.

“हे बघा. माणूस इथं सरकत्या पट्ट्यावर उभा राहतो. पट्टा थांबत नाही. पाच खोल्या, सात मिनिटं, की बाहेर. दिवसाला चाळीस हजार माणसं!”

“आणि कुणाला मधे टेकावंसं वाटलं तर?”

“टेकून कसं चालेल? मागची रांग तुंबेल.”

गुरुजींनी वाकून आत पाहिलं. शेवटच्या खोलीत छताला बारीक तार होती आणि तारेला बोटाएवढं काहीतरी लोंबत होतं.

“हे रे काय?”

“कुऱ्हाड!” शेनचा चेहरा उजळला. “प्रत्यक्षात तीस फुटांची. सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेली. लोकांच्या देखत हिचा दांडा कुजत जातो. असं आजवर कुणी केलेलं नाही.”

गुरुजींनी तिच्यावरची नजर शेनकडं वळवली.

“तुझा बाप ही गोष्ट केव्हा सांगायचा?”

“येताना. सातशेव्या पायरीवर एक सपाट दगड आहे. मी बरोबर असायचो. तिथं पोचलो की ते कावड...”

शेन थांबला.

खाली उतरत गेलेल्या पायऱ्यांकडं तो बघत राहिला. येताना त्या दगडाजवळून तो गेला होता. न थांबता...

गुरुजींनी बोटानं ती एवढीशी कुऱ्हाड हलकेच धरली. तिचं झुलणं थांबलं.

“त्या लाकूडतोड्यानं ही खाली ठेवली होती, पोरा.”